कोंबड्यांच्या शेडमधला एमक्यू-१३५: आकडा हलत का नाही, आणि हलला तर त्याचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याकडच्या एका तरुणाच्या घरी दोन हजार ब्रॉयलरची शेड आहे. हिवाळ्यात रात्री पडदे सोडले की सकाळी आत डोळे चुरचुरतात. अमोनिया वाढला की पंखा आपोआप सुरू व्हावा म्हणून त्याने एमक्यू-१३५ या वायू ओळखणाऱ्या सेन्सरचं मॉड्यूल आणि नोडएमसीयू हा वायफायवाला प्रोग्रॅम करायचा छोटा बोर्ड मागवला. मॉड्यूलचं व्हीसीसी (वीज घ्यायची पिन) बोर्डाच्या ३.३ व्होल्टच्या पिनला जोडलं, ग्राउंड ग्राउंडला आणि एओ (रीडिंगचं व्होल्टेज देणारी पिन) बोर्डाच्या ए-० ला. रीडिंग ६ ते ९ च्या मध्ये अडकलंय, ओल्या लिटरजवळ (कोंबड्यांखालच्या तुसाच्या थराजवळ) नेलं तरी ११ च्या वर जात नाही. निळा स्क्रू फिरवला की मॉड्यूलवरचा दिवा लागतो, आकडा मात्र जागचा हलत नाही. नेटवरची लायब्ररी (तयार कोड) टाकली तर ती कार्बन डायऑक्साइड शून्य पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) दाखवते. मित्र म्हणतो माल डुप्लिकेट आहे. आणि शेवटी विचारलंय, याच सेन्सरवरून गावाचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, दाखवता येईल का?

भाऊ, माल डुप्लिकेट असेलही, पण आधी त्याला पोटभर जेवू तर घाला. तुमचा सेन्सर उपाशी आहे.

त्या जाळीच्या टोपीखाली सिरॅमिकची एक बारीक नळी असते. नळीवर टिन डायऑक्साइडचा थर आणि आतून हीटरची तार. थर चांगला तापला की हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर बसतो, थरातले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो आणि थराचा रेझिस्टन्स चढतो. अमोनियासारखा वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी भिडतो, अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, रेझिस्टन्स उतरतो. एवढाच सगळा खेळ आहे, पण तो तापलेल्या थरावरच चालतो. हीटर ५ व्होल्टचा आहे, त्याचा रेझिस्टन्स तीसेक ओहम, म्हणजे तो साधारण १५० मिलिअँपिअर खातो. तुम्ही त्याला ३.३ व्होल्ट दिले. ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालते, त्यामुळे हीटरला ४४ टक्केच उष्णता मिळाली. थर कोमट राहिला, रेझिस्टन्स आभाळाला टेकला, आणि तुमच्या बोर्डाला ६ ते ९ दिसलं. वर त्याच ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरवर नोडएमसीयूचा वायफायही चालतो. हीटरचं ओझं त्याच्यावर टाकलं की बोर्ड मधूनच रीसेट होतो आणि माणूस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो.

तर पहिलं काम असं: मोबाइलचा एक चांगला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर घ्या. मॉड्यूलला ५ व्होल्ट थेट त्यातून द्या, बोर्डाला त्याच चार्जरमधून वेगळी तार काढा, आणि ग्राउंड सगळ्यांचा एकच ठेवा. ग्राउंड सामाईक नसेल तर एओचा आकडा भुतासारखा नाचतो. बारीक तारेची लांबलचक यूएसबी केबल वापरू नका. मी एकदा चार्जरजवळ ५.१ व्होल्ट मोजले आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला, मॉड्यूलच्या पिनांवर, ४.६. एवढ्यानेही हीटरची ताकद ५ व्होल्टच्या मानाने १५ टक्क्यांनी बसते. म्हणून मल्टिमीटर नेहमी मॉड्यूलच्या पिनांवरच लावा, चार्जरवर नाही. हीटर चालू आहे का हे बघायला पाच मिनिटांनी टोपीला बोट लावा. ती कोमट लागली पाहिजे. थंड असेल तर लाईन बंद करून सेन्सर मॉड्यूलवरून काढता आला तर काढा आणि हीटरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा. तीसच्या आसपास आला तर हीटर शाबूत आहे.

आता निळ्या स्क्रूबद्दल. त्यावरून हजार लोक फसतात. मॉड्यूलवर एलएम ३९३ नावाचा एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) आहे, आणि तो स्क्रू फक्त त्याची पातळी ठरवतो. म्हणजे डीओ (फक्त चालू-बंद सांगणारी) पिन कधी पालटायची आणि दिवा कधी लागायचा, एवढंच. एओवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. डीओ तुम्हाला लागणार नाही, ती मोकळीच सोडा. मॉड्यूल ५ व्होल्टवर असताना डीओवरही ५ व्होल्ट येतात, आणि नोडएमसीयूच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत.

यापुढचा भाग नीट वाचा, कारण खरी गोम इथे आहे. हीटर नीट तापला तरी तुमचा आकडा फार हलणार नाही. मॉड्यूल बनवणाऱ्यांनी त्यावर चुकीचा लोड रेझिस्टन्स बसवलेला असतो.

सेन्सरचा थर आणि लोड रेझिस्टन्स ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये एकामागे एक बसतात, आणि दोघांच्या सांध्यावरचं व्होल्टेज म्हणजे एओ. सेन्सरच्या माहितीपत्रकात लोड २० किलोओहमच्या आसपास धरलाय. बाजारातल्या बहुतेक मॉड्यूलांवर मात्र पाठीमागे '१०२' लिहिलेला चिप रेझिस्टन्स दिसतो. १०२ म्हणजे दहा आणि पुढे दोन शून्यं, एक किलोओहम. माहितीपत्रकाप्रमाणे १०० पीपीएम अमोनियात थराचा रेझिस्टन्स ३० ते २०० किलोओहमच्या मध्ये असतो, आणि स्वच्छ हवेत त्याच्या साधारण ३.६ पट. तुमचा नग ३० किलोओहमचा निघाला असं धरू. मग स्वच्छ हवेत तो १०८ असेल. १ किलोओहमच्या लोडवर स्वच्छ हवेत एओवर येतात ०.०४६ व्होल्ट, आणि १०० पीपीएम अमोनियात, जिथे माणूस फार वेळ उभाही राहणार नाही, फक्त ०.१६ व्होल्ट. ५ व्होल्टच्या पट्टीवर हे म्हणजे तोळ्याचा दागिना ट्रकच्या वजनकाट्यावर मोजणं. आता तिथे २२ किलोओहम लावा. स्वच्छ हवेत ०.८५ व्होल्ट, १०० पीपीएमला २.१. आता आकड्याला हलायला जागा मिळाली.

करायचं कसं? लाईन बंद करून एओ आणि ग्राउंडमध्ये ओहम मोजा. हजाराच्या आसपास आला तर तो १०२ काढायचा. दोन्ही टोकांना थोडं ताजं सोल्डर लावा, सोल्डरिंग आयर्नचं टोक आडवं धरून दोन्हीकडे एकदम गरम करा, तो आयर्नला चिकटूनच उठून येतो. ओढायला गेलात तर खालची तांब्याची पट्टी उपटून येईल. मग आपला रेझिस्टन्स लावायचा, पण नोडएमसीयूसाठी २२ किलोओहमचा एक नग नको, १० आणि १२ किलोओहमचे दोन लावा. एओपासून १० चा, त्याच्या पुढे १२ चा, आणि १२ चं दुसरं टोक ग्राउंडला. बोर्डाच्या ए-० ला जाणारी तार या दोघांच्या सांध्यावरून घ्या. नोडएमसीयूचा ए-० फक्त ३.३ व्होल्टपर्यंतच सहन करतो. या जोडणीत एओ पूर्ण ५ व्होल्टवर गेला तरी सांध्यावर २.७३ च्या वर काही येत नाही. शिवाय लोड बरोबर २२ चा राहतो. बरेच जण लोड तसाच ठेवून त्याच्यापुढे वेगळा डिव्हायडर (व्होल्टेज कमी करणारी दोन रेझिस्टन्सची जोडी) जोडतात, आणि मग तो डिव्हायडरच दुसरा लोड होऊन सगळं गणित बिघडवतो. सांधा आणि ग्राउंडमध्ये '१०४' चा एक कपॅसिटर टाका, वायफायच्या धक्क्यांनी उड्या मारणारा आकडा बराच शांत होतो. वरच्या उदाहरणातल्या नगाला आता स्वच्छ हवेत १४३ च्या आसपास आणि १०० पीपीएमला ३५८ च्या आसपास दिसायला हवं. तुमचा नग वेगळा असेल, आकडे वेगळे येतील. दोन नगांचं कधीच जुळत नाही.

नोडएमसीयूऐवजी अर्डुइनो उनो बोर्ड असेल तर ही दोन रेझिस्टन्सची भानगड लागत नाही. तो ५ व्होल्टपर्यंत वाचतो, एकच २२ किलोओहम लावा, एओ थेट ए-० ला, कपॅसिटर मात्र ठेवा. तुम्ही नवखे असाल तर आधी उनोवर सगळं जमवा आणि मग वायफायकडे जा, असं मी तरी म्हणेन.

जोडणी झाली की लगेच आकडे लिहायला बसू नका. नवा सेन्सर २४ तासांच्या वर सलग तापवायचा असतो. पहिल्या दिवशी आकडा वर जाऊन हळूहळू उतरत राहतो आणि माणसाला वाटतं, हवा सुधारली. आपल्याकडे अडचण लाईनची आहे. रात्री दोनदा लाईन गेली की दोनदा सेन्सर थंड, आणि लाईन परतली की पहिली काही मिनिटं आकडा उगाच वर चढतो. प्रोग्रॅममध्ये लाईन आल्यापासूनची पहिली पंधरा मिनिटं रीडिंग मोजूच नका. नाहीतर लाईन आली की पंखा फिरणार, आणि डिसेंबरच्या पहाटे तीन वाजता पिल्लांवर गार वारा सुटणार. दहा हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक मध्ये टाकली तर हीटर आणि बोर्ड मिळून दिवसभर निघून जातो. फक्त ती एकीकडे चार्ज होत असताना दुसरीकडे लाईन देणारी हवी. काही बँका चार्जर लावल्या-काढल्याच्या क्षणी अर्धा सेकंद बंद होतात, ते आधी टेबलावर तपासून घ्या.

आता पीपीएमचं. तुम्ही टाकलेली लायब्ररी गृहीत धरते की लोड १० किलोओहमचा आहे आणि स्वच्छ हवेतला सगळा बदल कार्बन डायऑक्साइडमुळे होतो. तिच्यात हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा ३९७.१३ पीपीएम लिहून ठेवलाय. आज जगाची सरासरीच ४२० च्या वर गेलीय. तुमच्याकडे लोड १ चा, थर कोमट, म्हणून तिने हिशेब करून शून्य काढलं. हीटर सुधारल्यावर हीच लायब्ररी अमोनियाच्या वाफेला हजारो पीपीएम कार्बन डायऑक्साइड म्हणेल, कारण तिला दुसरं काही ठाऊकच नाही. ती काढून टाका. कार्बन डायऑक्साइड खरंच मोजायचा असेल तर अवरक्त प्रकाशावर चालणारा एमएच-झेड१९ सारखा वेगळा सेन्सर लागतो.

एमक्यू-१३५ ला कुठला वायू आलाय ते कळत नाही, काहीतरी आलंय एवढं कळतं. अमोनिया, स्पिरिट, बेंझिन, धूर सगळ्यांना तो एकाच आवाजात भुंकतो. माझ्या घरी मी पहिला लावला तेव्हा रोज संध्याकाळी सातला अलार्म वाजायचा. आठ दिवस मी प्रोग्रॅम उलटासुलटा करून पाहिला. शेवटी आई म्हणाली, "अरे, मी पऱ्हाट्या पेटवते ना त्या वेळी." चूल मागच्या अंगणात, सेन्सर पुढच्या खोलीत, तरी. तुमच्या शेडजवळ चूल असेल किंवा कुणी कुटार जाळत असेल तर ते ध्यानात ठेवा. शेडमध्ये फिनेल किंवा स्पिरिटची फवारणी झाली की दोन-तीन तास आकड्याकडे पाहूच नका.

एक्यूआयचं उत्तर: नाही. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकात आठ प्रदूषकं आहेत, पीएम २.५ आणि पीएम १० (हवेतली बारीक धूळ), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. धूळ तर या सेन्सरला दिसतच नाही. चंद्रपूरकडच्या कोळशाच्या धुळीत तो ठेवलात तरी तो गप्प बसेल. तिथे लेझरवर चालणारा पीएमएस ५००३ सारखा सेन्सर लावावा लागतो. अमोनिया आठांत आहे म्हणून हुरळून जाऊ नका. निर्देशांकात २४ तासांच्या सरासरीने दर घनमीटरला १,८०० मायक्रोग्रॅमच्या वर अमोनिया गेला की सगळ्यात वाईट वर्ग लागतो, म्हणजे जवळपास २.६ पीपीएम. एमक्यू-१३५ ची अमोनियाची पट्टी सुरूच होते १० पीपीएमला. गावाची हवा अतिगंभीर झाली तरी याला पत्ता लागणार नाही.

तुमच्या शेडसाठी मात्र हीच पट्टी कामाची आहे. कुक्कुटपालनात अमोनिया २५ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नये असं सर्रास धरतात. तो सेन्सरच्या टप्प्यात येतो, पट्टीच्या खालच्या टोकाला का होईना. नाकावर भरवसा ठेवता येत नाही, कारण रोज त्या वासात वावरणाऱ्याचं नाक मरतं. राखणदाराला विचारा, तो म्हणेल वास नाही. बाहेरून आलेला पाहुणा दारातच नाक दाबतो.

तर आकडा पीपीएममध्ये न काढता गुणोत्तरात काढा. सेन्सर एक-दोन दिवस तापवून झाला की तो पहाटे अंगणात ठेवा, कुणाची चूल पेटायच्या आधी, शेड आणि गोठ्यापासून लांब. तासभराची सरासरी घ्या आणि थराचा रेझिस्टन्स काढा. सूत्र साधं आहे: पाचातून एओचं व्होल्टेज वजा करा, उरलेल्याला एओच्या व्होल्टेजने भागा, आणि लोडने गुणा. एओचं व्होल्टेज तुम्हाला सांध्यावरच्या व्होल्टेजला बाविसाने गुणून बाराने भागलं की मिळतं. हा झाला तुमचा स्वच्छ हवेचा आकडा. तो कागदावर लिहून मॉड्यूलच्या डब्यावरच चिकटवा, माझे असे आकडे दरवेळी हरवतात. आता शेडमध्ये जो रेझिस्टन्स येईल त्याला या आकड्याने भागा. स्वच्छ हवेत १, अमोनिया वाढेल तसं १ च्या खाली.

पण किती खाली गेल्यावर पंखा लावायचा? यासाठी कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात अमोनियाच्या रंगपट्ट्या विचारा, नसतील तर मागवून घ्या. पट्टी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवायची, डब्यावर लिहिलेत तितके सेकंद पक्ष्यांच्या डोक्याच्या उंचीवर धरायची आणि रंग जुळवायचा. नळाचं पाणी चालत नाही, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने पट्टी आधीच रंग बदलते. आठ-दहा दिवस, कधी पहाटे, कधी दुपारी, पट्टीचा रंग, सेन्सरचं गुणोत्तर, तापमान आणि आर्द्रता असं चार रकान्यांत वहीत लिहा. तापमान-आर्द्रतेला बोर्डावर डीएचटी २२ टाका. पट्टी २० ते २५ च्या रंगावर असताना गुणोत्तर समजा ०.६ येत असेल, तर तुमची खूण ०.६. शेजारच्याची वेगळी असेल, त्याचा आकडा उसना घेऊ नका. पंखा ०.६ ला सुरू करा आणि ०.७५ ला बंद. एकाच आकड्यावर दोन्ही केलं तर रिले (पंखा चालू-बंद करणारा स्विच) मिनिटाला दहादा कटकट करेल.

हवामान का लिहायचं? माहितीपत्रकातले आलेख २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेवर काढलेत. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ४५ च्या वर पारा आणि हवा कोरडीठाक, जुलैत कपडे वाळत नाहीत. दमट हवेत थराचा रेझिस्टन्स आपोआप उतरतो, अमोनिया नसतानाही. हिवाळ्यात बांधलेली खूण पावसाळ्यात पुन्हा तपासावीच लागते. पावसाळ्यात लिटर ओलं होऊन अमोनियाही खरोखर वाढतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळतात. तिथे रंगपट्टीशिवाय इलाज नाही.

बसवायची जागा: पक्ष्यांच्या डोक्यापासून थोडं वर, तारेच्या पिंजऱ्यात, पिण्याच्या निपलपासून लांब. छताला टांगू नका. तुसाची धूळ जाळीत बसते, आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा, फुंकर नको, पाणी तर नकोच. आणि डब्याच्या फटी सिलिकॉनने बुजवू नका. माझा एक चांगला चाललेला सेन्सर मी असाच मारला. पावसाळ्याआधी डबा छान सील केला, दुसऱ्या दिवसापासून आकडा मंदावला, आठवड्यात तो लिटरच्या ढिगाऱ्यावरही ढिम्म. सिलिकॉनची वाफ थरावर बसते आणि ती परत निघत नाही. गरम गोंदाने भागतं.

पंख्याची २३० व्होल्टची जोडणी गावातल्या वायरमनकडून करून घ्या, रिले मॉड्यूल चांगलं घ्या आणि त्याचे ५ व्होल्ट चार्जरवरूनच द्या, बोर्डावरून नाही.

आणि एक गोष्ट या सगळ्यापेक्षा जास्त गांभीर्याने घ्या. पिल्लांच्या पहिल्या आठवड्यात ऊब द्यायला तुम्ही कोळशाची शेगडी लावत असाल तर पडदे बंद असताना कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, आणि शेडमध्येच झोपणारा राखणदार झोपेतच जाऊ शकतो. त्या वायूसाठी एमक्यू-१३५ वर कुणाचा जीव टांगू नका. बाजारात कार्बन मोनॉक्साइडचा तयार अलार्म मिळतो, तो घ्या, आणि शेगडी लागली की राखणदाराला बाहेर झोपवा.

आता मॉड्यूलच्या पिनांवरचं व्होल्टेज, एओ-ग्राउंडमधले ओहम, आणि २४ तास तापल्यावर अंगणातला आकडा, एवढं मोजून कळवा. मित्राच्या डुप्लिकेटच्या संशयाकडे त्यानंतर पाहू.